फरक कुठल्या पानावर आहे?

जुलैमधल्या एका शनिवारी सकाळी, नाहूरच्या रेल्वेवरचा पूल चढताना माझ्या गाडीचा दम गेला. मागच्या सीटवर आई होती. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला पाच आठवडे झाले होते आणि आठवड्यातून तीनदा तिला मुलुंड पूर्वेला व्यायामासाठी न्यावं लागत होतं. आम्ही नाहूर पश्चिमेला राहतो. स्टेशनचा जिना तिला चढवत नव्हता, पावसात रिक्षा मिळत नव्हती. हे ओळखूनच मी ऑपरेशनच्या आधी, मे महिन्यात, २०१६ सालची एक जुनी डिझेल गाडी घेतली होती. परवाना हातात येऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते.

पुलाच्या चढावर मी ॲक्सिलरेटर दाबत होते आणि वेग उतरत होता. चाळीस, तीस, मग वीस. इंजिन बंद पडलं नव्हतं, आवाजही रोजच्यासारखाच होता, फक्त त्यात जोर उरला नव्हता. मागे बेस्टची बस होती आणि तिचा हॉर्न थांबत नव्हता. समोर, वेगाच्या काट्याच्या खाली, इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा लागला होता. आई म्हणाली, "अगं, काहीतरी लागलंय बघ तिथे." मला ते दिसत होतं. त्याचा अर्थ मात्र ठाऊक नव्हता, आणि त्या क्षणी माझे तळहात स्टिअरिंगवर घामाने घसरत होते.

दुसऱ्या गिअरमध्ये, धोक्याचे दिवे लावून, कशीबशी पूल उतरले. आईला पोचवलं. परतताना एकदाही तीसच्या वर गेले नाही.

त्या रात्री मी पहिल्यांदा गाडीचं माहितीपुस्तक उघडलं. दिव्यांना रंगांची भाषा असते, एवढं साधंसुद्धा मला कुणी शिकवलं नव्हतं. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता सुरक्षित जागी थांबा. तेलाच्या झारीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर तेलाचा दाब गेलेला असतो, आणि तसंच पुढे गेलं तर काही मिनिटांत इंजिन कायमचं खराब होऊ शकतं. तापमानाचा लाल दिवाही त्याच घरचा. पिवळा म्हणजे गाडी चालवता येईल, पण दुर्लक्ष करू नका, लवकर दाखवा. हिरवा आणि निळा नुसती माहिती देतात. डिझेल गाडीत आणखी एक पिवळा दिवा असतो, स्प्रिंगसारख्या वेटोळ्याचा. सकाळी किल्ली फिरवल्यावर तो लागतो, कारण आतले ग्लो प्लग तापत असतात. तो विझला की मग इंजिन सुरू करायचं. मुंबईच्या उबेत तो इतक्या लवकर विझतो, की दोन महिने गाडी चालवूनही माझ्या तो लक्षात आला नव्हता.

सोमवारी मी एका गॅरेजमध्ये गेले. तिथल्या मुलाने स्टिअरिंगखालच्या खोबणीत स्कॅनरची वायर खोचली, उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून बटणं दाबली आणि पडदा माझ्याकडे वळवला. पी०२९९. "टर्बो गेलाय मॅडम. पंचेचाळीस हजार धरून चला." माझा चेहरा बघून म्हणाला, "आत्ता कोड उडवून देतो. चालली तेवढे दिवस चालवा." दिवा विझला. गाडी खरोखर पूर्वीसारखी पळाली. दोन दिवसांनी, ऐरोलीच्या पुलाकडे जाताना, दिवा परत लागला आणि गाडी परत बसली.

त्या मुलावर माझा राग नाही. पण ऐरोलीच्या वाटेवर कडेला थांबून मी बोनेटकडे बघत होते तेव्हा जी असहायता वाटली, ती मी विसरलेले नाही. समोर माझीच वस्तू होती. तिचं काहीतरी दुखत होतं, आणि ते समजून घ्यायला माझ्याकडे एक शब्दही नव्हता.

संध्याकाळी नाशिकला मामाला फोन केला. मामाची सगळी नोकरी सातपूरला मायकोत गेली. २००८ साली कंपनीचं नाव बॉश झालं, पण नाशिककर अजून मायकोच म्हणतात. तिथे डिझेल इंजिनांचे नोझल आणि इंजेक्टर बनतात. मामाने आधी विचारलं, "लाल दिवा नाही ना? धूर कुठल्या रंगाचा?" मी धुराकडे पाहिलंच नव्हतं. "उद्या कुणाला तरी मागे उभं करून बघ," तो म्हणाला. "काळा म्हणजे डिझेलला पुरेशी हवा मिळत नाही. निळा म्हणजे तेल जळतंय. पांढरा राहत असेल तर डिझेल न जळता बाहेर पडतंय, नाहीतर आत पाणी शिरतंय."

मग त्याने मला डिझेल इंजिन श्वास कसं घेतं ते सांगितलं. पेट्रोल इंजिनात ठिणगी लागते, डिझेलमध्ये ठिणगी नसते. आत घेतलेली हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये हे चालवून दाखवलं, आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. बदलली ती बारीकी. माझ्या गाडीसारख्या इंजिनात डिझेल सोळाशे बारच्या आसपास दाबाने फवारलं जातं. टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन बार हवा भरतो, त्यावरून अंदाज यावा. इंजेक्टरची भोकं केसाच्या जाडीच्या जवळपासची असतात. मामाचं आयुष्य त्या भोकांवर गेलं.

"आता टर्बो," तो म्हणाला. "बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे. तो हवा दाबून आत ढकलतो. दाबलेली हवा तापते, म्हणून ती पुढे इंटरकूलरमध्ये थंड होते आणि मग इंजिनात जाते. हा सगळा प्रवास रबरी नळ्यांमधून होतो. हवा कमी पोचली तर गाडीतला संगणक डिझेलही कमी करतो, नाहीतर धूर होईल, इंजिन तापेल. तुझ्या गाडीचा दम कुणी चोरलेला नाही. इंजिन सांभाळायला तिनेच तो आवरून धरलाय."

"पण मग टर्बो गेलाय का?"

"कोड टर्बो गेला असं म्हणत नाही, बाळा. तो एवढंच म्हणतो, की मी इतका दाब मागितला आणि मला इतका मिळाला नाही. हा फरक कुठे पडला, ते माणसाने शोधायचं."

फरक हा शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात काहीतरी जागेवर बसलं. मी बारा वर्षं हिशेब तपासनीस म्हणून काम करते. महिनाअखेरीला आमच्या वहीप्रमाणे बँकेत अमुक शिल्लक हवी असते आणि बँकेच्या उताऱ्यात तमुक दिसते. या ताळमेळात फरक निघाला की तिथून शोध सुरू होतो. एखादा चेक वटला नसेल, बँकेने शुल्क कापलं असेल, कुणी ६३ च्या जागी ३६ लिहिले असतील. फरकाला नऊने भाग गेला तर आकडे उलटसुलट झाल्याचा संशय घ्यायचा, ही आमच्या धंद्यातली जुनी खूण. पण ती संशयाची दिशा दाखवते, चूक कुठल्या पानावर आहे ते सांगत नाही. त्यासाठी पानं उलटावीच लागतात. आणि फरक सापडत नाही म्हणून तो उचंत खात्यात टाकून वही बंद करणं म्हणजे काय, ते मला पक्कं माहीत होतं. कोड उडवून गाडी परत देणं हे तेच होतं.

आपल्याकडे २०१३ पासूनच्या गाड्यांत ही स्वतःला तपासत राहणारी व्यवस्था नियमाने आली आहे. इंजिनावरचे सेन्सर सतत मोजमाप करतात, संगणक ते अपेक्षेशी ताडून बघतो, फरक टिकून राहिला की पिवळा दिवा लावतो आणि कोड नोंदवतो. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचं घर. पुढचं शून्य म्हणजे हा कोड सगळ्या कंपन्यांना सारखा. ०२९९ म्हणजे टर्बोकडून मिळणारा दाब अपेक्षेपेक्षा कमी. कोडबरोबर त्या क्षणाची नोंदही राहते: इंजिनाचे फेरे, वेग, तापमान, इंजिनावरचा भार. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. माझ्या भाषेत ते त्या नोंदीचं व्हाउचर. कोड पुसला की व्हाउचरही जातं. तपासणाऱ्याने ते आधी वाचून घ्यायला हवं होतं.

गुरुवारी मी भांडुपच्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गेले. आमच्या सोसायटीतल्या वॉचमनने पत्ता दिला होता. मी त्यांना धुराचा रंग सांगितला: चढावर जोर दिला की काळा. त्यांनी मान वर केली. "आणि आवाज? फुसफुस येते का, कुकरची शिट्टी नीट बसली नसली की येते तशी?" येत होती. मी तो पावसाचा आवाज समजले होते.

काकांनी स्कॅनर लावला, पण गाडी जागेवर ठेवली नाही. "ताई, तुम्ही चालवा. जिथे बसली होती तिथेच जाऊ." आम्ही पुन्हा नाहूरच्या पुलावर गेलो. ते शेजारी पडदा धरून बसले. तिसरा गिअर, चढ, ॲक्सिलरेटर अर्ध्याहून जास्त दाबलेला. त्यांनी आकडे मोठ्याने वाचले. टर्बोचा मागितलेला दाब २.१ बार, मिळालेला १.३. बाहेरच्या हवेचाच दाब एक बार असतो, म्हणजे टर्बोची कमाई जेमतेम तीन दशांश उरली होती. मग त्यांनी डिझेलच्या दाबाची ओळ बघितली. मागितलेला आणि मिळालेला, दोन्ही आकडे बरोबरीने चालले होते. "डिझेलचं खातं जुळतंय," ते म्हणाले. खरंच, हेच शब्द. "गडबड हवेत आहे."

अर्धी वही एका ओळीत बाजूला झाली. पंप, इंजेक्टर, डिझेल फिल्टर या सगळ्यांवरचा संशय तिथेच उतरला. आणि उभ्या गाडीत काही का दिसलं नव्हतं, तेही कळलं. गाडी जागेवर गुरगुरत असते तेव्हा टर्बो जवळजवळ दाब देतच नाही. मागणीच नसेल तर कमी पडल्याचं दिसणार कुठून? जो दोष भाराखाली होतो, तो भाराखालीच बघायला लागतो.

परत आल्यावर काकांनी स्वस्तापासून महागाकडे जायला सुरुवात केली. हा क्रम मला फार आवडला. आधी एअर फिल्टर: मळलेला, पण तुंबलेला नाही. मग टर्बोला हुकूम देणारी पातळ व्हॅक्यूमची नळी: शाबूत. धूर परत इंजिनात फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने अर्धवट उघडा अडकला तरी हवेचा हिशेब चुकतो. त्याची हालचाल त्यांनी स्कॅनरवरूनच करून बघितली. मग टर्बोकडे जाणारी हवेची नळी सोडवून, बोटाने त्याच्या पंख्याचा दांडा हलवून पाहिला. माझंही बोट तिथे लावायला लावलं. आडवा अगदी किंचित हलतो, तेवढं चालतं. पुढे-मागे खेळ जाणवला किंवा पाती भिंतीला घासल्याची खूण दिसली, की टर्बो खरंच संपलेला असतो. माझा स्वच्छ फिरत होता. पंचेचाळीस हजार रुपये माझ्या बोटाखाली गरगर फिरत होते, आणि मला तिथेच रडू येईलसं वाटलं.

शेवटी त्यांनी हवेच्या वाटेचं तोंड रबरी बुचाने बंद केलं, कंप्रेसरने अगदी हलका दाब दिला आणि नळ्यांवर साबणाचं पाणी शिंपडलं. इंटरकूलरकडून वर येणाऱ्या नळीच्या खालच्या अंगाला, क्लॅम्पच्या लगत, बुडबुडे फुलू लागले. तिथे एका पट्टीला घासून रबर चिरलं होतं. चीर बोटाच्या पेराएवढी. भोवती तेलकट धूळ चिकटली होती. या नळ्यांत तेलाचा थोडा ओलावा नेहमीच असतो, तो जिथून बाहेर येतो तिथे धूळ धरते. "ही खूण आधी बघायला शिका," काका म्हणाले. उभ्या गाडीत चीर मिटलेली राहायची. दाब आला की तोंड उघडायची.

नवी नळी, दोन क्लॅम्प आणि मजुरी मिळून तीन हजारांच्या आत काम झालं. पट्टी जिथे घासत होती तिथे काकांनी रबराचा तुकडा बांधला, नाहीतर नवी नळीही वर्षभरात तशीच गेली असती. मग पुन्हा पूल. मागितलेला २.१, मिळालेला २.०. गाडी चढ चढली. मी काही बोलले नाही. ते म्हणाले, "जुळलं."

निघण्याआधी त्यांनी डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढलं. बाटली उजेडात धरली. खाली पाण्याचा पारदर्शक थर होता आणि त्यावर पिवळसर डिझेल तरंगत होतं. डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं. पावसाळ्यात, टाकी बरेच दिवस अर्धी राहिली की हवेतला ओलावा आत धरतो, आणि केसाएवढ्या भोकांच्या इंजेक्टरला हे पाणी गंजवतं. आजच्या दुखण्याचं कारण ते नव्हतं, पण पुढचं ठरलं असतं. आमच्याकडेही असंच होतं. एक फरक शोधताना दुसरी, अजून न उमटलेली चूक हाती लागते.

नंतर मी जे शिकले त्यातलं महत्त्वाचं एक शेजाऱ्यांमुळे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींची डिझेल गाडी २०२१ सालची. तिचाही दम गेला, तिथेही पिवळा दिवा, आणि मी लगेच नळीकडे धावणार होते. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ नियम आले, आणि त्यांच्याबरोबर डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला. त्याचा दिवा वेगळा आणि त्याचं दुखणंही वेगळं. तो फिल्टर साचलेली काजळी अधूनमधून आतच जाळून टाकतो, पण त्यासाठी सहाशे अंशांच्या जवळपास उष्णता लागते. वहिनी रोज एलबीएस मार्गावरून मुलाला शाळेत सोडून परत येत. पहिला-दुसरा गिअर, सिग्नल, पुन्हा पहिला. इतक्या रांगत्या चालीत फिल्टर तापतच नाही. काजळी साचत गेली आणि शेवटी गाडीने जोर आवरला. त्यांच्या माहितीपुस्तकात लिहिलं होतं तसं, रविवारी पहाटे त्या पूर्व द्रुतगती मार्गाने ठाण्याच्या पुढे, नाशिक महामार्गावर वीस मिनिटं एकसारख्या वेगाने गेल्या, आणि दिवा विझला. दिवा नवा असतानाच हे चालतं. दुर्लक्ष करून काजळी फार वाढली की वर्कशॉपशिवाय गत्यंतर नसतं. दोन्ही गाड्यांचं लक्षण सारखं होतं, पण पान वेगळं होतं. घाईने माझं उत्तर त्यांच्या वहीत उतरवलं असतं तर चुकलं असतं.

आता मला यंत्र कळतं असं मी म्हणणार नाही. पण गॅरेजमध्ये गेले की मी चार गोष्टी विचारते. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम वाचली का? गाडी चढावर, भाराखाली तपासली का? मागितलेला आणि मिळालेला आकडा दाखवाल का? आणि स्वस्त कारणं आधी बघून झाली का? हे विचारायला मोठं ज्ञान लागत नाही. चांगला मेकॅनिक या प्रश्नांवर चिडत नाही, उलट खुर्ची पुढे सरकवतो.

ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन मामाकडे गेले. कसारा घाट मी पहिल्यांदाच चालवला. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी न कुरकुरता वर आली. आई खिडकीतून ओल्या डोंगरांकडे बघत होती आणि मी आरशातून मागचा धूर बघत होते. स्वच्छ होता. नाशिकला पोचल्यावर मामाने चहाच्याही आधी बोनेट उघडायला लावलं, नव्या नळीवरून हात फिरवला, आणि मला किल्ली फक्त एक पायरी फिरवायला सांगितली. सगळे दिवे लागले. "हे रोज बघायचं," तो म्हणाला. "किल्ली दिल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. जुनी गाडी घेताना तू हे बघितलं होतंस?"

नव्हतं बघितलं. किल्ली दिल्यावर तो दिवा लागलाच नाही, तर गाडी निरोगी आहे असं नाही, तिची तक्रार करायची सोय कुणीतरी बंद केली असण्याची शक्यता असते. ज्या दिव्याने मला पुलावर घाबरवलं, तो विकणाऱ्याने झाकला नव्हता. त्यासाठी मी त्या अनोळखी पहिल्या मालकाची ऋणी आहे.

आई आता काठीशिवाय चालते. शनिवारी बाजारासाठी मुलुंडला जातो तेव्हा ती पुढे, माझ्या शेजारी बसते. मी किल्ली एक पायरी फिरवते आणि थांबते. आई बोट दाखवून मोजते: बॅटरी, तेल, इंजिन, ते वेटोळं. मग मी गाडी सुरू करते, एकेक दिवा विझत जातो, आणि शेवटचा विझला की ती म्हणते, "जुळलं. चल."